विहिरीच्या रेकॉर्डमधली टकटक

कान तपासायला येणारी माणसं साधारण दोन प्रकारची असतात. काहींना ऐकू येत नाही आणि ते त्यांना मान्य नसतं. काहींना व्यवस्थित ऐकू येतं आणि ते त्यांच्या घरच्यांना मान्य नसतं. कसब्यातून येणारे एक काका ह्या दोन्हींत बसत नव्हते. पौषातली अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, ते पायरीवर येऊन उभे राहायचे. पांढरा पायजमा, वर खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला मागच्या वर्षीचा आलेख. पिशवी दुधाची असायची, धुऊन वाळवलेली.

सदाशिव पेठेतल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी नुकती कामाला लागले होते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, काचेच्या अलीकडून एकेक सूर सोडायचा, आणि तो ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं, एवढं माझं काम. काका पहिल्यांदा आले तेव्हा मी पद्धतीप्रमाणे विचारलं, "काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही. मोजून द्या."

"कमी ऐकू येतं का?"

"ते तुम्ही सांगायचं. मला ठाऊक असतं तर कसब्यापासून चालत कशाला आलो असतो?"

मी मोजलं. जाडे सूर त्यांना ठीक ऐकू येत होते. बारीक सुरांकडे गेल्यावर आलेखाची रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली गेली. डॉक्टरांनी कागद पाहून विचारलं, "काम काय करता?"

"तांबट आहे. बंब, घंगाळी, हंडे."

"मग बरोबर आहे. आयुष्यभर हातोडी ऐकलीय ह्या कानांनी."

काकांना ह्यात काही नवीन नव्हतं. त्यांनी पिशवीतून आधीच्या वर्षीचा, दुसऱ्या एका दवाखान्यातला आलेख काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. दोन्ही रेघा जवळपास एकावर एक बसत होत्या.

"म्हणजे कान जागेवर आहेत," ते म्हणाले.

"हो. वर्षभरात काही बिघडलेलं नाही."

अशा वेळी माणसं सुटकेचा श्वास सोडतात. काका खुर्चीत थोडे खचल्यासारखे झाले. कागदाची घडी घालून ते उठले आणि दारातून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "मग तो चाललाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी आमच्या डॉक्टरांना गार केलं. डॉक्टर एका पेशंटच्या कपाळाला कंपनकाटा लावत होते. तो लोखंडी चिमटा त्यांनी गुडघ्यावर आपटला, तेव्हा काका खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेले होते. तिथूनच म्हणाले, "बसका वाजतोय तो. बदला." डॉक्टर हसले. चार दिवसांनी भिंगाखाली त्या काट्याच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. त्या कानांना ती ऐकू येणं शक्य नव्हतं. आलेख माझ्याच हातचा होता. मी त्यांना पुढच्या खेपेला विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ठोका दोनदा कळतो, बाई. एकदा कानात, एकदा हाडात. कानातला खोटा असू शकतो."

मशीनबद्दलही त्यांचं मत ठरलेलं होतं. "खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "पण विचारलं तेवढंच सांगतं. सरकारी माणसासारखं."

ह्या माणसाला परदेशी रॉक संगीताचं वेड आहे हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आठ-दहा एलपी होत्या त्यांच्याकडे, सगळ्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या, आणि त्यांना ते वेष्टनावरच्या चित्रांवरून ओळखायचे. घोड्याची. पिवळ्या खिडकीची. तीन म्हाताऱ्यांची. वर्षातून एकदाच, ठरावीक अमावास्येला, प्रत्येक रेकॉर्ड लावायची आणि ती यंदा कशी वाटली ते ठरवायचं. "घोड्याची तरुणपणी फार भारी वाटायची. आता वाटतं, ढोल वाजवणारा दुसऱ्या गाण्यात घाई करतो. म्हाताऱ्यांची तेव्हा कंटाळवाणी वाटायची, आता एकेक ठोका वजनात पडतो. रेकॉर्ड तीच असते. आपण कुठे येऊन पोचलो ते कळतं." पुढच्या काळातलं संगीत त्यांना आवडत नसे. मशीनच्या ठोक्यात माणूस दम घेताना ऐकू येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

ह्या रेकॉर्डी धाकट्या भावाने आणलेल्या. सत्तरच्या दशकात पुण्यात भगव्या कपड्यांतली गोरी मंडळी पुष्कळ होती. धाकट्याला मोडकंतोडकं इंग्रजी यायचं, तो त्यांना तांब्याची भांडी नेऊन विकायचा. ती मंडळी आपल्या देशी परतताना रेकॉर्डी मागे टाकून जात. कधी धाकट्याला देत, कधी त्या जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या सापडत. पहिली रेकॉर्ड त्याने माडीवर लावली तेव्हा काका खाली घंगाळ ठोकत होते. "माझा ठोका आणि त्या ढोलवाल्याचा ठोका एकावर एक पडले," ते सांगायचे. "मी थांबलो. तो थांबला नाही."

एक रेकॉर्ड मात्र उसनी आणलेली होती, दोन दिवसांत परत करायची. वेष्टनावर विहिरीत वाकून बघणारा माणूस होता. ती परत जाणार म्हणून दोघा भावांनी स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला आणि सगळी उतरवून घेतली. पौषातल्या अमावास्येची दुपार होती. त्या दिवशी आळीतले तांबट हत्याराला हात लावत नाहीत, म्हणून बाहेर शांत होतं. त्यामुळे त्या टेपवर नुसतं संगीत नाही, ती खोलीही उतरली होती. मागे कावळा आहे, रस्त्यावरची सायकलची घंटा आहे. आणि जवळच बसून कुणीतरी तांब्याच्या भांड्यावर ठेका धरलाय. टक, टक. टक, टक.

"तो धाकटा," काका म्हणाले.

त्यानंतर दोन महिन्यांनी धाकटा घरातून गेला. येतो म्हणून बाहेर पडला आणि आला नाही. गोऱ्यांबरोबर गेला असं कुणी म्हणालं, मुठा नदीत बघा असं कुणी म्हणालं. पोलीस, वर्तमानपत्रातला फोटो, ज्योतिषी, सगळं झालं. काहीही हाती लागलं नाही.

हे सगळं त्यांनी मला आवाजबंद खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं, आणि मग ते ज्यासाठी दरवर्षी येत होते ते सांगितलं.

"टकटक लांब चाललीय. आधी माझ्या गुडघ्याशी होती. मग भिंतीशी गेली. आता दाराशी आहे. माझे कान चाललेत की तो चाललाय, एवढंच मला कळायला हवं."

मी शिकलेली होते. म्हटलं, "काका, टेप झिजते. बारीक आवाज आधी जातात."

"बारीक आवाज जाऊ दे. पण पाऊल का वाजावं?"

"कसलं पाऊल?"

"अनवाणी. टकटक थांबते, दोन पावलं वाजतात, मग टकटक पुन्हा सुरू होते. थोडी पुढे. तुमचे कान चांगले आहेत. पुढच्या अमावास्येला येऊन ऐका."

मी गेले. का गेले ते आज नेमकं सांगता येत नाही. त्यांचं खोटं पाडावं असा थोडा शिकलेपणाचा माज होता.

तांबट आळी ज्यांनी एरवी पाहिलीय त्यांनाच त्या दुपारची शांतता कळेल. इतर दिवशी आळीच्या तोंडाशीच हातोड्यांचा आवाज अंगावर येतो, बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी उलट्या ठेवलेल्या घंगाळांच्या रांगा दोन्ही बाजूंना तशाच पडलेल्या, आणि माझ्याच चपलांचा आवाज त्यांच्यातून परत येत होता. मी नकळत हळू चालायला लागले.

खाली कारखाना, वर लाकडी जिन्याने जायची एकच लांब खोली. काकांनी मला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले. जिन्याच्या बाजूच्या उंबऱ्याबाहेर एक बाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर तांदळाचं ताट. चाळिशी उलटलेली असावी.

"धाकट्याची बायको," काका म्हणाले, आणि मग भिंतीकडे तोंड करून, "पाहुण्यांना चहा होईल का?"

शालनताई हे त्यांचं नाव. त्या उठून गेल्या. मला नंतर कळलं की वीस वर्षांत काका त्यांच्याशी थेट कधी बोलले नव्हते. थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी अंतर राखायचं, ही त्यांच्याकडची जुनी रीत. ते भिंतीला सांगायचे, भिंतीकडून त्यांना कळायचं. त्याही उत्तर दाराच्या चौकटीला द्यायच्या. आत येऊन बसण्याचा तर प्रश्नच नव्हता.

नवरा गेला तेव्हा शालनताईंचं लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. नंतर पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मागच्यांना मोकळं करतात. तशी बारा वर्षं झाल्यावर शालनताईंचे भाऊ कात्रजहून न्यायला आले होते. एक स्थळही त्यांनी बघून ठेवलं होतं. काकांनी विधी करायला नकार दिला. "आत बसलेल्या माणसाला अग्नी देऊ?" असं म्हणून त्यांनी त्या भावांना टेप लावून दाखवली. भाऊ आल्या पावली परत गेले.

काकांनी माझ्यासाठी ती टेप लावली. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. संगीत दबलेलं होतं, घोंगडीखालून यावं तसं. एक माणूस खालच्या आवाजात काहीतरी विनवत होता, त्याच्यामागे गिटार ताणत नेलेली. कावळा आला. सायकलची घंटा आली. मग मला टकटक ऐकू आली, आणि मी मान वळवून दाराकडे पाहिलं, कारण ती तिथूनच येत होती. स्पीकर माझ्या समोर होता. आवाज दाराशी होता.

उंबऱ्याबाहेर शालनताई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबलेले होते.

घरी जाऊन मी वहीत लिहिलं: दाराजवळ. पुढच्या वर्षी लिहिलं: दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर. तेव्हा ती पावलंही ऐकली. संगीत एका जागी श्वास घ्यायला थांबतं, तेवढ्यात लाकडावर अनवाणी पाय पडल्याचा आवाज आला. काका डोळे मिटून शांत बसले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांचा आलेख काढला. बारीक सुरांना शून्य. आदल्या वर्षीइतकंच शून्य. ती टकटक त्यांच्या कानांना ऐकू येणं शक्यच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी टकटक जिन्याच्या तळाशी होती. त्या दिवशी निघताना शालनताई मला सोडायला खाली कारखान्यात आल्या. भोवती अर्धवट ठोकलेले हंडे होते.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला दादा काय सांगतात? धाकटा टकटक करतो म्हणून?"

"हो."

"आमचे हे त्या दिवशी खोलीत नव्हतेच. टेप चालू करून दिली आणि खाली विडी ओढायला गेले. बाजू संपता संपता वर आले. दादांचे डोळे मिटलेले, त्यांना काय कळतंय?"

"मग टकटक कोणाची?"

त्यांनी शेजारच्या हंड्याच्या काठावर नख वाजवलं. टक, टक. मला ती लगेच ओळखता आली.

"मी उंबऱ्याबाहेर बसले होते. तांब्या होता हातात. नवीन लग्न झालेलं, आत जायची सोय नव्हती. पण ती गाणी मला आवडायची."

"मग तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही? तुमचे भाऊ न्यायला आले तेव्हा तरी?"

"आधी वाटलं, सांगितलं तर दादांच्या हातात काय उरलं? भाऊ म्हणून तेवढंच आहे त्यांच्याजवळ. आणि सांगितल्यावर त्यांनी ती टेप परत लावली नसती. मग मी वर्षभर कशाची वाट बघायची?"

मी चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. तुम्ही शिकलेल्या. मी त्या दिवशी जागची हलले नव्हते. शेवटपर्यंत तिथेच बसून होते. मग त्या टेपमध्ये हे कोण चाललंय?"

कारखान्यात ऊन आलेलं होतं. बाहेर रस्त्यावर मुलं खेळत होती. तरी मला तिथून लवकर निघावंसं वाटलं.

वर्षभर मी हे कुणाला सांगितलं नाही. काका दुसऱ्या दिवशी चाचणीला आले, नेहमीसारखे बटण दाबून गेले. 'कान जागेवर आहेत,' असं मी म्हटल्यावर त्यांचा चेहरा नेहमीसारखाच पडला. मला प्रथमच जाणवलं की दरवर्षी हा माणूस वाईट बातमी ऐकायला येतो आणि ती न मिळाल्यामुळे खचून जातो. त्यामागचं कारण मात्र कळलं नाही.

चौथ्या अमावास्येला शालनताई नेहमीच्या जागी होत्या. मला पाहून हसल्या. नवी कोरी, हिरव्या काठाची साडी होती अंगावर, एवढं वेगळं होतं. काकांनी आधी घोड्याची लावली, मग म्हाताऱ्यांची लावली, प्रत्येकीवर दोन वाक्यं बोलले, आणि शेवटी टेप घातली.

कावळा आला. घंटा आली. टकटक आली नाही.

मी कान टवकारले. जिन्याखाली, कारखान्यात, आळीत, कुठेच नाही. डोळे मिटले म्हणजे जास्त ऐकू येतं असं आम्ही पेशंटला सांगतो, म्हणून मी डोळे मिटले. संगीत ती श्वासाची जागा घेऊन पुढे गेलं, आणि त्यानंतर पावलं वाजली. जिन्यावर, अनवाणी, सावकाश, एकेक पायरी खाली. ती टेपमध्ये होती की घरात, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. खाली कारखान्याच्या दाराची कडी वाजली. मग टेपची घरघर, आणि बाजू संपल्याचा खटका.

मी डोळे उघडले. उंबऱ्याबाहेर तांदळाचं ताट होतं. निवडलेले तांदूळ एका बाजूला, खडे एका बाजूला.

काका दाराकडे पाठ करून बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

"गेली?" ते म्हणाले.

इतकी वर्षं ते 'तो' म्हणत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"तांबटाचं नख वाजत नाही, बाई. बघा." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं चपटी झालेली, नखं मुळापर्यंत झिजलेली. "धाकट्याचीही अशीच होती. पहिल्यांदा टेप ऐकली त्याच दिवशी कळलं मला."

"मग 'तो' का म्हणत होता?"

"'ती' म्हटलं असतं तर तिला तिथे बसता आलं असतं का? वर्षातून एक दुपार ती ऐकायला यायची. मी डोळे मिटायचो, ती बसायची. दुसरं काही नव्हतं. देवाशपथ दुसरं काही नव्हतं." त्यांनी टेपरेकॉर्डरवरची धूळ अंगठ्याने पुसली. "तिचे भाऊ आले तेव्हा मी तोंडावर सांगितलं, नवरा घरात आहे म्हणून. तिचा आवाज तिच्याच भावांना ऐकवला आणि सांगितलं हा तुमचा जावई. ती दारात उभी होती. ती काही बोलली नाही, मग मीही काही बोललो नाही. ती तिशीत होती तेव्हा."

खाली आळीत कुणीतरी सायकलवरून गेलं.

"लांब चालली होती ते मात्र खरं होतं," ते म्हणाले. "तुम्ही एकदा म्हणाला असतात की काका, तुमचे कान गेले, तर बरं वाटलं असतं."

मी निघाले तेव्हा त्यांनी ताट उचलून आत घेतलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखे खोलीच्या मध्ये उभे होते.

दोन महिन्यांनी ओंकारेश्वरापाशी त्यांनी भावाचा विधी केला. पळसाच्या काड्यांना स्वतः अग्नी दिला. मग मला निरोप पाठवून बोलावलं आणि सगळ्या एलपी एका गोणपाटात बांधून माझ्या हवाली केल्या, कात्रजला शालनताईंकडे पोचवायला. टेप त्यात नव्हती.

कात्रजला दूध डेअरीच्या मागच्या अंगाला शालनताईंच्या भावाचं घर होतं. दारात भाऊच भेटले. गोणपाटाकडे संशयाने बघत म्हणाले, "कसब्यातून आलाय काय? ती काय परत यायची न्हाय बगा. आमी इचारलं न्हाय, ती बोलली न्हाय. हितंच ऱ्हाणार हाय."

"मी न्यायला नाही आले. हे द्यायला आलेय."

शालनताई आतून आल्या. कपाळावर कुंकू नव्हतं. एक लहानशी काळी टिकली होती. शिवणयंत्र घेतलं होतं त्यांनी, खोलीभर ब्लाउजचे तुकडे पडलेले. रेकॉर्डी बघून त्या खाली बसल्या आणि एकेक वेष्टन बाहेर काढून हात फिरवत राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ती चित्रं जवळून पाहिलीच नव्हती.

"घोड्याच्या दुसऱ्या गाण्यात," त्या म्हणाल्या, "दादांना वाटतं ढोलवाला घाई करतो. घाई नाही ती. तो घाबरलाय. गाणाऱ्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो हळू म्हणतो. ऐका एकदा."

"त्यांना सांगू का?"

विचार करून त्यांनी मान हलवली. "नको. त्यांचं त्यांना कळू दे."

मग त्यांनी विचारलं, "दादा कसे आहेत?" बाईने घरातल्या माणसाबद्दल साधं विचारावं तसं. मी म्हटलं, बरे आहेत. कात्रजच्या बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, मी हे न तपासता सांगितलं.

पुढच्या पौषात ते आले. पायरीवर तसेच उभे, पण हातात पिशवी नव्हती, आलेख नव्हता. खूप वाळले होते. मी त्यांना आत बसवलं, हेडफोन दिले, काचेमागे जाऊन सूर सोडायला सुरुवात केली. जाडे सूरही त्यांना आता ऐकू येत नव्हते. मी आवाज वाढवत गेले. कमाल मर्यादेपर्यंत नेला, तेव्हा कुठे एकदा बटण दाबलं गेलं. उजवा कान झाला, डावा झाला. आलेखावरची रेघ कागदाच्या तळाशी सरळ पडली होती.

कान गेले होते. इतकी वर्षं जे ऐकायला ते येत होते ते आता मला सांगता येणार होतं, आणि ते ऐकायला त्यांना कान नव्हते.

मी लिहायला कागद ओढला, तेवढ्यात माझ्यासमोरचा लाल दिवा लागला. पेशंटने बटण दाबलं की तो लागतो. मी कोणताही सूर सोडला नव्हता. दिवा विझला, पुन्हा लागला. मग पुन्हा. मधलं अंतर सारखं. काचेपलीकडे काका डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा अंगठा सावकाश, एका लयीत बटणावर पडत होता.

मी आत जाऊन त्यांच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरलं: काय ऐकू येतंय?

त्यांनी डोळे किलकिले करून वाचलं.

"पावलं," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसासारखे मोठ्याने नाही. अगदी हळू, कुणी झोपलेलं असावं तसं. "चढतायत."

मी लिहिलं: शालनताई?

"नाही. हा धाकटाच. भावाचं पाऊल मला कळतं." त्यांनी हेडफोन स्वतःच्या हाताने पुन्हा कानावर बसवला. "विधी व्हायची वाट बघत होता बहुतेक. थांबा जरा, बाई. अजून पुष्कळ पायऱ्या आहेत."

ती त्यांची शेवटची चाचणी. मी बाहेर आले, दार लावलं आणि मशीन बंद केलं. दिवा विझला. नऊ वाजून गेले होते, बाहेर बाकांवर पेशंट खोळंबले होते, त्यांच्यातलं एक मूल रडत होतं. मी काचेतून त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले. तो त्याच लयीत पडत होता, आणि कुणी उतारवयाचा माणूस जिना चढताना थकावा, तसं दोन ठोक्यांमधलं अंतर हळूहळू वाढत होतं.